बायोडाट्यावरचा ईमेल

धाकट्या भावासाठी पोरगी पाहायला लागलो, तेव्हा मी एक ईमेल काढला. फक्त तेवढ्याच कामासाठी. तोवर बायोडाटा कागदावर छापून, कोपऱ्याला हळदकुंकू लावून हातोहात जायचा. मग कुठून तरी नवी टूम निघाली. पोरीचा काका नाहीतर मामा फोनवर ऐटीत म्हणायचा, "मेल करून द्या ना!" मी अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसलेली, त्यामुळे हे काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. पासवर्ड भावालाही देऊन ठेवला. लग्न शेवटी त्याचं होतं.

भाऊ आणि माय अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या खेड्यात राहायचे. वडील तो शाळेत असतानाच गेले आणि बारावी होताच शेती त्याच्याकडे आली. जमीन काळीभोर, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. दिसायला माझ्यापेक्षा उजवा, हे मी सख्खी बहीण असून सांगते. पण ती वर्षंच अशी होती की शेतकऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. पेपर उघडला की आमच्याच जिल्ह्यातल्या नको त्या बातम्या असायच्या, आणि त्या बातम्या पोरीचे बापही वाचायचे. पुण्याला कुठल्या तरी कंपनीत गेटवर उभा राहणारा त्यांना चालायचा, आमचा नाही. परतवाड्याचे एक गृहस्थ मला म्हणाले, "पोरगा चांगला हाय वो ताई, पण शेतीच करते ना!" जसं काही दारूच पितो म्हणावं, तसं. मी फोन आपटला. मग दिवसभर ऑफिसात सगळ्यांवर खेकसत राहिले.

दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा, परतवाडा. बायोडाटा गेला नाही असं गाव राहिलं नाही. कोणी दोन दिवसांत नाही म्हणून कळवायचं, कोणी कळवायचंच नाही. सगळ्यांनी मिळून आमच्या हातावर वाटाण्याच्या अक्षता ठेवल्या. भाऊ काही बोलायचा नाही. "जाऊ दे ना ताई," एवढंच म्हणायचा आणि शेतात निघून जायचा. त्याच्या त्या न बोलण्याचाच मला धसका बसला होता. आमच्याकडे त्या वर्षांत भांडणारा, शिव्या देणारा माणूस परवडला, पण गप्प बसणाऱ्याची भीती वाटायची. मायनं फवारणीची औषधं जनावरांच्या कोठ्यातून उचलून आपल्या लोखंडी पेटीत ठेवली होती आणि किल्ली कंबरेला. कोणी विचारलं तर म्हणायची, "मांजर सांडवते." आमच्या घरात मांजर नव्हतं. मी तिला कधी काही बोलले नाही, तीही मला नाही.

अशात पातूरच्या मावसबहिणीनं अकोल्याचं स्थळ सुचवलं. पोरीला वडील नव्हते, मामानं वाढवलेली. मामाचं अकोल्यात मोटारपंपाचं दुकान. पोरगी डी.एड. झालेली, पण तेव्हा डी.एड. झालेल्या पोरी पैशाला पासरी होत्या आणि शाळेत जागाच निघत नव्हत्या. म्हणून ती मामाच्या दुकानात बिलं करायची. मार्गशीर्ष सरता सरता मी, भाऊ आणि माय पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला. मामा म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. आमचा भाऊ मान खाली घालून बसला. तर पोरीनंच विचारलं, "उन्हाळ्यात विहिरीले पाणी किती राहते?"

माय दचकली. असलं काही पोरी विचारत नाहीत. पण भावानं मान वर केली आणि बोलायलाच लागला. पाणी किती, झरा कुठल्या बाजूनं, वीज कोणत्या पाळीत येते, मोटार कितीची, ती दरवर्षी कशी त्रास देते. मामा हसायला लागले, "अरे बाप्पा, हे तर दुकानातच बसल्यासारखं झालं!" परतीच्या एसटीत तो अकोटपर्यंत शेंगा खात बडबडत होता. त्याला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या मनात तेव्हाच आलं, देवा, हे मोडू नको. हे मोडलं तर हा पोरगा पुन्हा बोलायचा नाही.

निघताना मामा म्हणाले होते, "आता पौष लागते. पौषात बोलणी कराची नाही. निरोप कळवतो." आमच्याकडची रीत अशी की पोराकडच्यांनी एकदा पाहून आल्यावर तोंड मिटून बसायचं. विचारायचं नाही, आठवण द्यायची नाही. विचारलं तर पोरगा वाया चाललाय, म्हणून यांना घाई, असा अर्थ होतो. म्हणून आम्ही गप्प बसलो. माय रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "काही?" आणि मी म्हणायची, "नाही." बाकी घरात त्या स्थळाचं नाव कोणी काढायचं नाही.

आणि याच पौषात भावानं नवा फोन घेतला.

कापसाची दुसरी वेचणी झाली होती. अंजनगावच्या बाजारात मोबाइलचं एक दुकान होतं. तिथली पद्धत अशी की फोन घेतला की दुकानदार सगळं 'चालू करून' द्यायचा. गाणी टाकायचा, मागच्या पडद्यावर देवाचा फोटो लावायचा, आणि ते तेव्हा नुकतंच पसरलेलं फोटोबिटोवालं खातंही उघडून द्यायचा. सगळ्यांचंच उघडत होता, याचंही उघडलं. "ईमेल सांग," म्हणाला. भावाला आयुष्यात एकच ईमेल माहीत. त्यानं बायोडाट्यावरचा सांगितला, पासवर्डही सांगितला. मग फोन एकामागून एक विचारत गेला आणि दुकानदार बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हो, हो, हो दाबत गेला. त्यातला एक प्रश्न असा होता : तुमच्या ईमेलमध्ये ज्यांचे पत्ते आहेत त्या सगळ्यांना मैत्रीचं आमंत्रण पाठवू का?

आता त्या ईमेलमध्ये पत्ते कोणाचे असणार! शाळेतले दोस्त? बियाण्याचे दुकानदार? त्या ईमेलवरून आयुष्यात बायोडाट्याशिवाय काही गेलंच नव्हतं. त्यात होते ते फक्त पोरींचे बाप, काके, मामे. नाही म्हणालेले आणि उत्तरच न दिलेले, सगळे. आणि अकोल्याचे मामा.

मला हे कळलं ते ऑफिसात, दुपारच्या सुट्टीत. अकोल्याहून मेलवर काही आलं का पाहायला मी तो ईमेल उघडला, तर मेलींचा हा ढीग! अमुकनं तुमची मैत्री स्वीकारली. तमुकनं नवा फोटो टाकला. आज अमुकीचा वाढदिवस आहे, शुभेच्छा द्या. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचं उघडलं. मग एकेक नाव वाचत गेले. कारंजाच्या पोरीचा काका. दर्यापूरच्या पोरीचा बाप. ज्यांनी आम्हाला उभं केलं नाही, त्या घरातली माणसं आमच्या पोराचे 'मित्र' झाली होती, आणि त्यांच्या घरी काय चाललंय ते आम्हाला रोज कळवलं जात होतं. लग्नाचे फोटो. पुण्याच्या बाल्कनीतले फोटो. डोहाळजेवणाचे फोटो.

मी तिथल्या तिथे भावाला फोन लावला. "अरे काय करून ठेवलं हे?"

"मी काय केलं? त्या दुकानदारानं केलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, ते दर्यापूरची होती ना, तिले पोरगा झाला. मेल आली होती."

"तू पाहतो ते?"

"येते तर पाहतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. वाटलं, आत्ता उठावं, एसटीत बसावं आणि तो फोन विहिरीत फेकून यावा.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मी स्वयंपाकाला लागले होते. हात पुसत फोन घेतला, नाव पाहिलं. निरोप आला असं वाटलं.

"ताई, राग नका मानू," मामा म्हणाले, "पण आपण पौष सरल्यावर बोलू म्हटलं होतं ना?"

"हो ना मामाजी."

"मग पोरगा कावून इतली घाई करून राहिला? दुकानाच्या मेलवर सारखं येऊन राहिलं, 'तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे' म्हणून. इंग्रजीत. एकदा आलं, दोनदा आलं, आज पुन्हा आलं. आमच्या भाचीनंच वाचून दाखवलं. दुकानाची मेल तेच पाहते."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या पोरीची वाट पाहायची, तिलाच हे वाचून दाखवायला लागलं! मी सांगायला लागले की आम्ही नाही पाठवलं, ते मशीन पाठवते, आपोआप. एकदा आमंत्रण गेलं आणि समोरच्यानं उत्तर दिलं नाही, की ते स्वतःच आठवण देत राहते.

"मशीनले काय पडलं वो ताई, आमच्या उत्तराची वाट पाहाचं?" मामा म्हणाले.

खोटं तर ते मशीनही बोलत नव्हतं. आम्ही वाटच पाहत होतो. मायला झोप लागत नव्हती, मी दर फोनला दचकत होते. आम्ही झाकल्या मुठीत जे लपवत होतो ते त्या मेल्या मशीननं इंग्रजीत लिहून थेट त्यांच्या दुकानात पोचवलं होतं. मी पुन्हा पुन्हा माफी मागितली. मामा "पाहू" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'पाहू'चा अर्थ काय, यावर माझी रात्र गेली. कणीक तशीच राहिली आणि आमच्या ह्यांनी मुकाट्यानं दूधभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा होताच मी दार लोटून कॉम्प्युटरपुढे बसले. हे थांबवल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच. प्रत्येक मेलीच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं की मेल नको असल्यास इथे दाबा. दाबलं. म्हणे, ठीक, आता वाढदिवसाच्या मेली येणार नाहीत. म्हणजे? बाकीच्या येणारच! फोटोची मेल उघडून तिच्या तळाशी दाबलं. म्हणे, ठीक, फोटोच्या येणार नाहीत. तेवढ्यात 'तुम्ही ओळखत असाल अशी माणसं' म्हणून एक आली, त्यात परतवाड्याचे ते शेतीच-करते-ना वाले. हसतमुख! मी त्यांना भर ऑफिसात जी शिवी दिली, ती इथे लिहिता येत नाही.

मग खात्यातच शिरले. तिथे आत, आणखी आत, एका पानावर खुणांची ही रांग. कोणी काही लिहिलं तर कळवू का, कोणी तुमचं नाव घेतलं तर कळवू का, कोणी मैत्री स्वीकारली तर कळवू का, कोणी निरोप पाठवला तर कळवू का. मी एकेक खूण काढत गेले. दर वेळेला विचारायचं, नक्की? अरे नक्की म्हणजे काय, तुझ्या पाया पडू? एवढं सगळं झालं तरी बाहेर जाणाऱ्या आठवणी वेगळ्याच. त्या थांबवायला आधी चोरून नेलेले पत्ते पुसावे लागतात, आणि ती जागा तर अशी कोपऱ्यात दडवली होती की मला सापडेपर्यंत सुट्टी संपून साहेब दारात येऊन उभे राहिले. "काय चाललंय?" म्हणाले. मी म्हटलं, "घरचं महत्त्वाचं काम आहे, पाच मिनिटं थांबा." माझा चेहरा पाहून ते खरंच थांबले.

पत्ते पुसले. पासवर्ड बदलला, असा बदलला की दुकानदाराच्या सात पिढ्यांना सापडू नये. भावाला फोन करून सांगितलं, "फोनमधून ते काढून टाक. पुन्हा उघडायचं नाही. तुले माही शपथ हाय."

"बरं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मेल बंद झाली. एकही नाही. रोज उघडून पाहायची, तर स्वच्छ अंगण. मला दोन दिवस फार बरं वाटलं. मग ते स्वच्छ अंगणच खायला उठलं, कारण अकोल्याहूनही काही नव्हतं.

पौष संपला. तिळगूळ वाटून झाला, बायकांची हळदीकुंकवं झाली, माघ लागला, लोकांच्या लग्नाच्या पत्रिका घरी यायला लागल्या. मामांचा फोन नाही. माय आता "काही?" असंही विचारेना. नुसता फोन करायची आणि इकडचं तिकडचं बोलून ठेवून द्यायची. जाता जाता सांगायची, "आज जेवला नाही नीट." किंवा, "आज लय वेळ शेताच्या धुऱ्यावर बसला होता." मी इकडे कामात चुका करायला लागले. एकाची फी दुसऱ्याच्या नावावर टाकली. रस्त्यानं जाताना वाटायचं, मागून कोणी तरी हाक मारून वाईट काही सांगणार आहे. रिक्षावाल्याशी भांडले, ह्यांच्याशी भांडले. अकोल्याला फोन लावायला हात शिवशिवायचा आणि मी स्वतःलाच दटावायची. आधीच घाईची बोंब झाली आहे, आता आणखी नको.

शेवटी एका रविवारी मीच भावाला म्हटलं, "अकोल्याचं विसर आता. ते त्या मेलीनंच बिघडवलं असंल. आपण दुसरं पाहू." मला वाटलं फोन कटला.

"ऐकू येते ना?"

"येते," तो म्हणाला. "दुसरं नको पाहू ताई. आता राहू दे."

मी म्हटलं, असं कसं, तू काही म्हातारा झाला का, आणि बरंच काही. तो ऐकत राहिला. ठेवताना म्हणाला, "मायकडे लक्ष ठेवजो." एवढंच. आता हे कोणीही कोणालाही म्हणतं. गावाला जाताना म्हणतं, कामात असलं की म्हणतं. पण मी रात्रभर ते तीन शब्द उलटेसुलटे करत राहिले.

सोमवारी ऑफिसात नुकती बसले होते, तोच मामांचा फोन.

"ताई, हे बरं नाही," त्यांनी सुरुवातच अशी केली. आवाज तापलेला होता. "आमी पोरीकडचे असून लाज सोडून कळवलं, आन् तुमी साधं उत्तर देत नाही? नाही म्हणाचं असंल तर नाही म्हणा ना. पोरगी रोज पाहून राहिली."

मला काही समजेना. "मामाजी, काय कळवलं? कधी? आम्हाला तर काहीच नाही!"

"अवं, तिनंच कळवलं. मलेही काल सांगितलं तिनं. त्या तुमच्या मशीनच्या मेलवरच दाबून तिनं आपलं खातं उघडलं, आन् तुमच्या भावाले निरोप लिहिला. पौष सरला त्याच दिवशी."

माझ्या डोळ्यांपुढे ती खुणांची रांग आली. कोणी निरोप पाठवला तर कळवू का? नक्की? नक्की. मी स्वतःच्या हातानं ते दार लावलं होतं आणि भावाला शपथ घालून त्याच्या बाजूनंही कडी घातली होती. मामांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. "दहा मिनिटं द्या, पाया पडते," असं काही तरी म्हटलं. तो लांबलचक पासवर्ड टाकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा खातं उघडलं, आणि वरच निरोप होता. मराठीतच होता, इंग्रजी अक्षरांत.

लिहिलं होतं की मेल मशीन पाठवते हे मला माहीत आहे, मामांना पटत नाही. पण तुम्ही खरंच वाट पाहत असाल तर मी सांगते. दुकानात रोज शेतकरीच येतात. त्यांचं काय चाललंय ते मी ऐकते, त्यामुळे मला कोणी फसवून देतंय असं नाही. माझा होकार आहे. मामांना तुमच्याकडून विचारा.

मी रडले नाही, माझ्याकडे वेळच नव्हता. भावाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. घरच्या तारेच्या फोनवर मायला लावला.

"सकाळपासून वावरात हाय," माय म्हणाली. "डबा नेला नाही. फोन लागत नाही काय? मलेही लागला नाही." मग तिचा आवाज बदलला. "तू काहून विचारून राहिली? काय झालं?"

"काही नाही, चांगलंच हाय. तू तुही पेटी पाह्य."

"किल्ली माह्याजवळ हाय," ती म्हणाली. आम्ही दोघी याबद्दल पहिल्यांदाच बोललो होतो.

साहेबांना न सांगताच निघाले. दर्यापूरवरून जाणारी एसटी मिळाली. बसमध्ये मी फोन लावत राहिले आणि ती बाई तेच सांगत राहिली, की आपण लावलेला क्रमांक बंद आहे. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी आजारी आहे का? मी हो म्हणून टाकलं. दर थांब्यावर डायव्हर चहाला उतरतो की काय, म्हणून मी त्याच्याकडे असे डोळे काढून पाहत होते की तो बिचारा उतरलाच नाही. सारखं मनात यायचं, काल मी त्याला विसर म्हटलं. काल. एक दिवस थांबले असते तर? कपाशीची रिकामी वावरं जात होती, हरभरा जात होता, आणि मी सगळ्या देवांना नवस बोलत होते.

फाट्यावर उतरून घरी न जाता तडक शेताकडे निघाले. साडीचा काष्टा मारल्यासारखा केला, चपला हातात घेतल्या आणि धुऱ्यावरून पळत सुटले. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, पण पाणी चालू नव्हतं, मोटारीचा आवाज नव्हता. हाक मारली, उत्तर नाही. विहिरीजवळ आले तर काठावर त्याच्या चपला. शेजारी शर्ट घडी करून ठेवलेला, वर फोन.

मी ओरडले की नाही, मला माहीत नाही. काठाला गुडघे टेकून खाली वाकले.

तो खाली होता. कंबरभर पाण्यात उभा राहून मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढत होता. वर पाहून म्हणाला, "ताई? तू काहून आली?"

मग मात्र माझा तोल सुटला. मी त्याला काय काय बोलले! फोन काहून बंद, डबा काहून नेला नाही, मायकडे लक्ष ठेवजो म्हणजे काय, तुला काही लाजलज्जा, मेल्या, मुडद्या, माझा जीव घेशील एक दिवस. तो पाण्यात उभा राहून ऐकत होता. "लाइन नाही दोन दिवसांपासून, चार्जिंग कशाची करू?" म्हणाला. "आन् मायले गुडघ्याचं दुखते, म्हणून म्हटलं."

मी तशीच मातीत बसले. मग विहिरीत ओरडून सांगितलं, "अकोल्याहून हो आला!"

त्यानं हातातला कचरा पाण्यात सोडून दिला.

"खोटं नको बोलू ताई."

"तिनं स्वतः लिहिलं. तुह्या नावानं. पौष सरला तेव्हाच. मेल बंद होती म्हणून आपल्याले कळलंच नाही रे!"

तो पाइपाला धरून उभा राहिला. मी वाट पाहिली. मला वाटलं हसेल, वर येईल, निदान काय लिहिलं ते विचारेल. त्यानं मान वर केली.

"तिले माहीत हाय ना," त्यानं विचारलं, "मी शेती करतो म्हणून?"

"माहीत हाय."

"नीट माहीत हाय? पुढं नोकरी-बिकरी लागंल असं कोणी सांगितलं नाही ना तिले?"

"नाही सांगितलं रे. माहीत असूनच हो म्हणाली ते."

त्यानं तोंड पाइपाकडे फिरवलं. खालून रडण्याचा आवाज यायला लागला. वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी त्याला थांब म्हटलं नाही. पदरानं माझंच तोंड पुसत काठावर बसून राहिले, मग मायला फोन लावला आणि सांगितलं, दोघंही येतो, भाकरी टाक.